दोऱ्याविना जवारी

यंत्राने इस्माईलचाचांच्या उजव्या कानात ‘टिक’ असा बारीक आवाज केला आणि उत्तराची वाट पाहिली. मग त्याहून चढा ‘टिक’. मग आणखी चढा. मिरजेतल्या त्या छोट्या कारखान्यात सकाळचे साडेदहा वाजले होते, दाराशी भोपळे उन्हात वाळत पडले होते, आणि चाळीस वर्षं तंबोरे बनवणारे इस्माईल शिकलगार हेडफोन लावून, डोळे मिटून, अंग चोरून बसले होते.

“मी काय बोलायचं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही गप्प बसायचं, चाचा. तुमचा कानच बोलतोय,” कस्तुरी म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. कानात आवाज शिरला की अंतःकर्णातल्या केसपेशी हलतात आणि स्वतःचा एक अतिशय क्षीण आवाज उलट बाहेर पाठवतात. डॉक्टरांना हे ठाऊक होऊन कैक वर्षं झाली होती. नवीन होतं ते एवढंच, की आता टेबलावर मावणारं, डब्याएवढं यंत्र ते उत्तर हेडफोनमधूनच ऐकू शकत होतं. जिथे उत्तर येतं तिथे कान शाबूत, जिथे येत नाही तिथे पेशी मेलेल्या. दोन मिनिटांत पडद्यावर चाचांच्या कानाचा नकाशा उमटला. खालच्या स्वरांना भरघोस उत्तरं होती. सेकंदाला तीन हजार कंपनांच्या वर मात्र शुकशुकाट होता.

“एवढं सपाट?” चाचा पडद्याकडे बघत म्हणाले.

कस्तुरीने मान हलवली. तिला वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

कस्तुरी माईणकर दोन गल्ल्या सोडून ध्वनिमुद्रणाची खोली चालवायची. लहानपणी तिचा पहिला तंबोरा याच कारखान्यातून गेला होता. चाचांचं दुखणं तिला नीट कळत होतं, कारण ते तिच्याही धंद्याचं दुखणं होतं. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर ती ‘टण्’ करून गप्प बसते. ती गुंजायला लागते ती घोडीमुळे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीमुळे. घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, आणि नेमक्या जागी आला की तारेतून वरच्या स्वरांचा झरा फुटतो. यालाच जवारी म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. ती काढायला लागतो तो कान, आणि चाचांच्या कानातला नेमका तोच मजला रिकामा झाला होता.

तीन वर्षं त्यांनी यावर उपाय करून पाहिले. घोडीजवळ चिकटवायला इवलासा मायक्रोफोन, त्याने टिपलेल्या आवाजाचे आकडे होतात, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा परिवर्तक, ज्याला सगळे डॅक म्हणतात, आणि त्या आवाजाला बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर, असा संच कस्तुरीनेच आणून दिला. या नादाची एक गंमत असते. ज्याच्याकडे जे यंत्र असतं त्याला कायम त्याच्या वरचं हवं असतं. पहिला अ‍ॅम्प्लिफायर दुबळा निघाला, त्या जड हेडफोनला हलवताना धापा टाकायचा. दांडगा आणला. आवाज वाढला, पण जे ऐकू येत होतं तेच मोठ्याने ऐकू येऊ लागलं. मग डॅक बदलला. मागची खरखर गेली, सगळं आरशासारखं लख्ख झालं. तेव्हा चाचा म्हणाले होते, “झकास. आता जवारी न्हाई हे अगदी स्वच्छ ऐकू येतंय.”

यंदा मात्र थट्टेला जागा उरली नव्हती. पुण्याहून मालविका देवस्थळी नावाची तरुण गायिका पुढच्या गुरुवारी तिचा तंबोरा न्यायला येणार होती. तिच्या पहिल्या मोठ्या मैफलीसाठी तिने मुद्दाम चाचांच्या हातची जवारी मागितली होती. चाचांनी घरात सांगून टाकलं होतं, की ही जमली नाही तर कानशी तेल लावून गुंडाळून ठेवायच्या आणि पुन्हा सोडायच्या नाहीत.

म्हणून हा नवा परिवर्तक. कस्तुरीने तीन यंत्रं मागवून त्यातलं निवडलं होतं. बाकीची दोन नुसती जास्त आकडे मोजणारी होती. हे कान ओळखणारं होतं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, की आपल्या कानातून निसटणारे स्वर हे यंत्र ओळखतं आणि कान ज्या रीतीने पकडू शकेल त्या रीतीने पुरवतं. गावातले निम्मे निवृत्त श्रोते यावर जुनी गाणी ऐकून सुखावले होते.

“लावू?” कस्तुरीने विचारलं.

चाचांनी मान डोलावली आणि खरजाची तार छेडली.

त्यांनी मान तारेकडे झुकवली. मग त्यांनी दुसरी तार छेडली, तिसरी छेडली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. “आली गं,” ते म्हणाले. “आली बघ पोरी. पाच वर्षं झाली, मला वाटलं मेली.”

कस्तुरीलाही रडू आलं. ती पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत गेली.

पुढचे तीन दिवस चाचा पंचविशीतल्यासारखे काम करत होते. घासायचे, ऐकायचे, हसायचे, पुन्हा घासायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी कस्तुरी सहज डोकावली तेव्हा ते हेडफोन लावून वाजवत होते आणि सोबत गुणगुणत होते. तिला बघून ते उठले आणि मांडीवरचा भुसा झटकला. भुशाबरोबर पांढऱ्या दोऱ्याचे चार तुकडे जमिनीवर पडले.

चाचांनी वाकून ते उचलले. घोडी घासायला सकाळी त्यांनीच ते काढून मांडीवर ठेवले होते आणि परत घालायला विसरले होते. म्हणजे तारेखाली दोरा नव्हताच. आणि तासभर ते जी ऐकत होते ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत उघडी, सर्वांत गोड जवारी होती.

“दोऱ्याबगर अशी वाजत न्हाई,” ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातलं जुनं लग्नाचं कार्ड घेतलं, चार घड्या घालून तारांखाली दाबून बसवलं आणि छेडलं. कस्तुरीला बाहेर ऐकू आली ती ठोकळ्यावर टिचकी मारल्यासारखी ‘टक्’. चाचांनी हेडफोन काढून तिच्या डोक्यावर चढवले आणि पुन्हा छेडलं. आत तंबोरा मजेत गुंजत होता.

कस्तुरीने हेडफोन उतरवले. चूक तिची होती. यंत्र निसटलेला आवाज चाचांपर्यंत आणून पोचवत असेल असं तिने गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात ते आणत काहीच नव्हतं. हे वाद्य तंबोरा आहे एवढं ओळखायचं, आणि तंबोरा कसा वाजायला हवा ते आपल्या साठ्यातून भरायचं.

“हजारो मुद्रणं ऐकवून शिकवलंय त्याला,” ती म्हणाली. “त्यात तुमचेही तंबोरे असणार, चाचा. नक्कीच असणार.”

“म्हंजे मी तीन दिवस माझंच जुनं काम ऐकून खूष हुईत बसलो व्हय?” चाचा ओरडले. कारखान्यात त्यांचा आवाज कधी चढत नसे. “आणि ही घोडी? तीन दिवस घासलीय मी! कशाच्या भरवशावर घासली?”

कस्तुरीने घोडीवर बोट फिरवलं. माथ्यावर खड्डा पडला होता. ती फुकट गेली होती.

“मला माफ करा,” ती म्हणाली.

“ऐकणाऱ्याला ठीक हाय गं ते. त्याला सुखच पायजे,” चाचा खाली बसत म्हणाले. “मला सुख नकोय. मला चूक ऐकू यायला पायजे.”

ते वाक्य आणि ते यंत्र कस्तुरी घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली तेव्हा यंत्राचं पोट उघडून तिने त्यातला साठा बंद केला होता. कानाचा नकाशा तेवढा ठेवला होता. “आता हे आपल्या मनाचं काही घालणार नाही,” तिने सांगितलं. “तारेतून खरोखर जे वरचे स्वर निघतात, ते तसेच उचलून, तुमचा कान जिथे उत्तर देतो त्या खालच्या मजल्यावर आणून ठेवील. पण चाचा, गोड नाही वाटणार.”

गोड वाटलंच नाही. चाचांनी तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा आवाज होता. त्यांनी हेडफोन काढून ठेवले, चहा मागवला, तो गार होऊ दिला.

“ही जवारी न्हाई,” ते म्हणाले.

“आहे. वेगळ्या कपड्यात आहे,” कस्तुरी म्हणाली आणि भिंतीवरचा जुना तंबोरा खाली घेतला. “हा तुमच्याच हातचा. याची जवारी उत्तम आहे, माझा कान साक्षीला आहे. उत्तम म्हणजे या हेडफोनात कसं ऐकू येतं ते शिका. मग मी दोरा सरकवून बिघडवते. बिघडलेलं कसं येतं ते शिका. दोन दिवसांत जमेल.”

चाचांनी हेडफोन पुन्हा उचलले. “वडिलांनी मला दोन वर्षं नुसतं ऐकायला बसवलेलं,” ते म्हणाले. “कानशीला हात लावू दिला न्हाई. तू दोन दिवसांत उरकायलीस.”

“तुमचा पाया तयार आहे की.”

ते दोन दिवस बापलेकीचे नव्हते तसे गुरुशिष्याचेही नव्हते. कोण गुरू हेच ठरत नव्हतं. ती दोरा सरकवायची, ते ‘बंद’, ‘उघडी’, ‘जास्त उघडी’ असं सांगायचे. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरं चुकली आणि चाचा दोनदा रुसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहातली नऊ बरोबर येऊ लागली. मग त्यांनी नवी घोडी बसवली आणि कानस हातात घेतली.

गुरुवारी मालविका आली. चाचांनी तिला बसवलं आणि आधी सगळं सांगून टाकलं, कानाचं, यंत्राचं, फुकट गेलेल्या घोडीचं. “न पटलं तर सरळ सांग, बेटा. मला वाईट वाटंल, पण तू सांग.”

तिने तंबोरा उभा धरला. चाचांचं लक्ष तिच्या कानाकडे गेलं. “ते काय हाय आत?”

“हे होय? सगळेच घालतात आता,” ती म्हणाली. “गोंगाट गाळतं, आवाज जरा गोड करतं.”

“गाताना पण?”

“सवय झालीय.” ती ओशाळली. मग तिने दोन्ही कानांतली बोंडं काढून पदरात ठेवली.

ती वाजवू लागली. कारखान्यात दुसरा आवाज नव्हता. चाचा हेडफोन लावून समोर बसले होते. कस्तुरी दारात उभी होती. तिला जवारी छान वाटत होती, पण इथे तिच्या मताला किंमत नव्हती.

चार आवर्तनं झाली. मालविकाच्या कपाळाला बारीक आठी पडली. ती संकोचून म्हणाली, “चाचा, रागावू नका, पण एक जागा…”

तिने मान वर केली तर चाचांचं बोट पंचमाच्या तारेखालच्या दोऱ्यावर आधीच पोचलं होतं. त्यांनी तो गव्हाच्या दाण्याएवढा मागे ओढला. तिने पुन्हा छेडलं, आणि तिचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

“हेच सांगणार होते मी,” ती शेवटी म्हणाली. “नेमकं हेच.”

चाचांनी मोठा श्वास सोडला. कस्तुरीने दाराची चौकट घट्ट धरली होती ती सोडली.

“तुम्हाला कसं ऐकू येतं ते बघू?” मालविकाने विचारलं. चाचांनी हेडफोन तिच्या हातात दिले. तिने ते लावले, तार छेडली, आणि एकदम दचकून हसली. “अय्या! हे असं? यातून तुम्ही ही जवारी काढलीत? पण चाचा, मी जे ऐकते ते हे नाहीच!”

इस्माईलचाचांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. कित्येक वर्षांनी ते मनापासून हसत होते.

“नसंल,” ते म्हणाले. “पण चुकलेली जागा तुला आणि मला एकच सापडली का न्हाई? मग मला सांग बेटा, जवारी ती तुझ्या कानातली, का माझ्या?”