जयाच्या व्हिसावर

धुकं इतकं दाट होतं की जयाला स्वतःच्या पायातली चप्पलसुद्धा नीट दिसत नव्हती.

श्रीगोंद्याच्या अलीकडच्या फाट्यावर जीपवाल्यानं तिला उतरवलं होतं. "ह्या पाटाच्या कडंनं सरळ जा, ताई. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या लागतील," असं सांगून तो काष्टीच्या बाजाराकडे निघून गेला. सरळच तर चालली होती ती. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि त्याच्या आतून कुठूनतरी कोयत्याचा आवाज – खच्... खच्... खच्. टोळी तोडत असेल, म्हणजे जिला भेटायला ती आली होती, ती गोजरआत्याही तिथंच असणार. आवाजाच्या रोखानं गेलं की झालं.

पण आवाज काही केल्या जवळ येईना. मोडक्या कठड्याची एक विहीर मात्र पुन्हा पुन्हा समोर यायला लागली.

पुन्हा एकदा ती विहीर दिसली, तेव्हा जया जागीच थांबली. कारण या वेळी कठड्यावर कुणीतरी बसलं होतं. अंगात राखाडी स्वेटर, डोक्याला माकडटोपी.

"पुढं येऊ नका!" तो घाईघाईनं म्हणाला. "म्हणजे... या. पण आधी पाय दाखवा."

"काय?"

"पाय. सरळ आहेत की... उलटे?"

जया घाबरली होती, तरी तिला हसू फुटलं. तिनं सलवार जराशी वर उचलली. "सरळ आहेत. नखांना रंगपण लावलाय. आता तुमचे दाखवा."

त्यानं मुकाट्यानं पाय पुढे केले. पाय सरळ होते, पण डावा बूट उजव्या पायात होता आणि उजवा डाव्या.

"हे काय?"

"म्हणजे... चकवा लागला की असं करायचं असतं, असं आमची आजी म्हणायची." तो लाजला. "हसा. खुशाल हसा. हा ऊस आमचाच आहे. लहानाचा मोठा इथंच झालोय. आणि उजाडल्यापासून मला घर सापडत नाहीये."

जया हसली – आणि मध्येच थांबली.

"ऐकलंत?" ती कुजबुजली.

"काय?"

"काहीच नाही... मघापासून कोयत्याचा आवाज येत होता. थांबला."

दोघंही कान देऊन ऐकू लागले. उसाचं एक पातं हलत नव्हतं. आणि अगदी हाताच्या अंतरावर, पहिल्या सरीच्या आड, कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. डोक्यावरची मोळी खाली टाकून माणूस सोडतो, तसा.

त्यानं तिच्या शालीचं टोक घट्ट धरलं. तिनं ते सोडवून घेतलं नाही.

ऊन वर येईपर्यंत दोघं तसेच कठड्यावर बसून राहिले, हळू आवाजात बोलत. बोलणं थांबवायची दोघांनाही भीती वाटत होती. त्याचं नाव कल्याण. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, सुट्टीवर आलेला. जया खळखळून हसली. ती तिथंच, लेस्टरला, इस्पितळात नर्स होती!

"म्हणजे... तिकडं तासाभराच्या अंतरावर," कल्याण म्हणाला, "आणि भेटायला आलो इथं, भुताच्या विहिरीवर."

"भेटायला नाही. पाय दाखवायला."

धुकं विरलं तेव्हा कोप्या अगदी समोर होत्या. पाचटाच्या खोपटांपुढं चुली पेटल्या होत्या, बायका भाकरी थापत होत्या.

जयाचे आई-वडील जामखेडकडचे. दर हंगामाला टोळीबरोबर याच भागात तोडीला यायचे. त्यांचे कोयते आता सुटले होते, पण आत्या अजून येत होती. जयानं तिच्यासाठी गुडघ्याचं औषध आणलं होतं.

"टोळीच्या आवाजामागं आले ग, आत्या. तरी चुकले."

गोजरआत्याचा भाकरीवरचा हात थांबला. "कसली टोळी? कारखान्यानं आज तोड बंद ठिवलीय. समदी हितंच हायेत." तिनं कल्याणकडे पाहिलं, मग जयाकडे. "बोलला का कुनी तुमच्याशी? हाक मारली?"

"नाही."

"बरं झालं. चकवा उगा वाट चुकवत न्हाई, पोरी. ज्याला जे हवं आस्तं, त्येच त्येला दावतो... आन् घिऊन जातो."

कल्याणनं कसाबसा नमस्कार केला. बूट अजून उलटेच होते.

*

लेस्टरला परतल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी दारात कल्याण उभा. हातात वांग्याच्या भरताचा डबा.

"म्हणजे... या बाजूनं चाललो होतो."

"कॉव्हेंट्रीहून? या बाजूनं? पुन्हा चकवा लागला वाटतं."

"लागला," तो म्हणाला. आणि कानापर्यंत लाल झाला.

मग तो दर सुट्टीला यायला लागला. बोलणं म्हटलं की अडखळणं आलंच त्याच्यात. प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे', आणि त्या 'म्हणजे'पुढं केवढी तरी शांतता. जयाला ती शांतता आवडायला लागली. तीत तो खरं काय ते शोधत असायचा.

वर्ष सरत आलं आणि कल्याणच्या कंपनीनं तिथली शाखा बंद करायचं ठरवलं. नोकरी गेली की तिच्यावर मिळालेला व्हिसाही जाणार होता. नवी कंपनी मिळेना. तो चिडचिडा झाला, मग गप्प.

पाऊस भुरभुरत होता. बसथांब्यावर एकाच छत्रीत उभं असताना जया म्हणाली, "माझ्या व्हिसावर ये ना."

"म्हणजे?"

"लग्न करू. नवरा म्हणून माझ्या व्हिसावर राहा. डिपेंडंट. त्यावर नोकरीही करता येते." ती बसच्या दिव्यांकडे बघत राहिली. "व्हिसासाठी विचारत नाहीये मी. विचारणारच होते... व्हिसा निमित्त झाला."

बस आली, गेली. मग कल्याणनं छत्री तिच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी आपला चेहरा झाकला. तो रडत होता की हसत होता, हे जयाला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

नोकरी होती तोवर लग्न करून परत जायचं आणि तिथूनच व्हिसा बदलायचा, असं ठरलं. डिसेंबरात दोघं गावी आले. जामखेडला जयाच्या आईनं, भीमाबाईनं, कल्याणला पोटाशी धरलं. उरले होते कल्याणचे वडील, आप्पासाहेब.

सकाळची वेळ. कल्याणच्या घरच्या अंगणात धुकं उतरलेलं. आप्पासाहेब खुर्चीवर, हातात चहाची बशी.

"पोरगी चांगली हाय," ते म्हणाले. "तोडीवाल्याची आसली तरी. पन नोकरी सुटतीय तुजी, तर मागारी येनार ना तुमी दोगं?"

"म्हणजे... आप्पा, व्हिसा बदलून घेतोय."

"कोन्च्या कंपनीचा?"

कल्याण जमिनीकडे पाहत राहिला. जयानं वाट पाहिली. मग तीच बोलली, "माझ्या व्हिसावर, आप्पा. माझा नवरा म्हणून त्याला तिथं राहता येईल."

"म्हंजी तुज्या नावावर?"

"हो."

बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "ह्याच उसात तुजी आई मोळ्या वाहायची. आन् माजा पोरगा तुज्या नावावर जगनार? कल्याण, खरं हाय का ह्ये?"

जयानं कल्याणकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. "म्हणजे..."

पुढं काहीच आलं नाही. या शांततेत तो काही शोधत नव्हता. नुसता लपत होता.

जयानं पिशवी उचलली आणि ती पाटाच्या वाटेनं चालू लागली.

ऊस तसाच दोन्ही बाजूंना उभा होता. धुक्यात तिचं रडणं तिलाच लांबून आल्यासारखं वाटत होतं. थोडं पुढं गेली आणि थबकली. समोर कल्याण चालला होता. राखाडी स्वेटर, तीच पाठ, तीच जरा वाकलेली मान. आडवाटेनं पुढं आला असेल, तिला वाटलं.

"कल्याण!"

तो वळला. हसला. "आप्पांना सांगितलं सगळं. मी तुझ्या नावावर जगणार, मला अभिमान आहे, असं सांगितलं. ते कबूल झाले. चल."

जयाच्या अंगावरून सुखाची लाट गेली. हेच, अगदी हेच शब्द तिला हवे होते. तिनं पाऊल टाकलं. तो मागं मागं सरकत हात पुढं करत होता. "इकडून जवळ आहे. ये, जया. मी आयुष्यभर तुझ्या पाठीशी आहे."

किती सुरेख बोलत होता. एकदाही न अडखळता.

जयाचं दुसरं पाऊल अधांतरीच राहिलं.

"पुन्हा बोल," ती म्हणाली. "काहीतरी... दुसरं बोल."

तो नुसता हसत राहिला. त्याच्या ओल्या स्वेटरमधून मागची उसाची पाती दिसत होती.

"जया!" पाठीमागून धापा टाकत आवाज आला. "थांब... म्हणजे... म्हणजे, थांब ना!"

ती गर्रकन वळली. अनवाणी, पायांना चिखल, गालावर उसाच्या पात्यानं ओरखडलेलं – कल्याण. त्यानं तिचा दंड धरून मागं ओढलं. धुकं जरासं हललं. तिच्या पुढ्यात वाट नव्हतीच. धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलेला पाट दुथडी भरून, आवाज न करता वाहत होता.

कितीतरी वेळ दोघं काठावरच बसून राहिले. त्याचा हात गार पडला होता, पण हात होता.

"तू... तू कसा आलास नेमका इथं?"

"म्हणजे... तुला शोधत मी विहिरीकडं गेलो होतो. तू तिथं होतीस. हसत होतीस. म्हणालीस, 'जाऊ दे रे, मी रागावले नाही, ये.' मी निघालोसुद्धा. मग वाटलं... माझी जया आता हसणार नाही. माझी जया आत्ता मला खाऊ की गिळू करेल."

जयानं त्याच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. मग दुसरा. मग तिथंच कपाळ टेकवून ती हमसून हमसून रडली.

"घरी चल," तो म्हणाला. "मला बोलायचंय."

आप्पासाहेब अंगणात उभे होते. खुर्ची कलंडली होती. कल्याणनं जयाचा हात सोडला नाही.

"म्हणजे... आप्पा. मी जयाच्या नावावर जाणार. म्हणजे... मला कमीपणा वाटत नाही. वाटत होता. मघापर्यंत वाटत होता. आता नाही."

जयाला वाटलं, आता म्हातारा कडाडणार. पण आप्पासाहेब दोघांच्या पायांकडे, मग तोंडांकडे निरखून बघत होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमी आता आला?" त्यांनी हळूच विचारलं. "पाटाकडनं?"

"हो."

"मग मघा त्यो कोन हुता? तुमी गेल्या गेल्या कल्याण गोठ्याकडनं आला. म्हनला, 'आप्पा, मी कुटंच जात न्हाई. तिला जाऊ दे. चला, ऊस बगून येऊ.' मला लई बरं वाटलं. मी उठलो बी. तेवढ्यात भिताडापल्याड तुमचा आवाज आला... आन् त्यो न्हवताच."

गोठ्यात गाय हंबरली, तेव्हा तिघंही दचकले.

आप्पासाहेबांनी खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर जयाला बसवलं. स्वतः उभेच राहिले.

लग्न जामखेडला, मोजक्या माणसांत झालं. परत निघायच्या दिवशी जीप दारात आली, तसे आप्पासाहेब जयाजवळ आले. मुलीच्या बापासारखे त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. जया गडबडून गेली.

"पोरी," ते म्हणाले, "आमचं लेकरू तुज्या पदरात टाकतोय. येडं हाय, बोलायला अडखळतंय. संबाळून घे त्येला."

जयानं पटकन वाकून त्यांचे पाय धरले. कल्याण बाजूला उभा राहून, सासरी निघालेल्या पोरीसारखा, स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत होता.