बाबागाडीचा दांडा

डिसेंबरातली दुपार. माझ्या तान्ह्या स्मिल्तेला दूध पाजलं, लोकरीत गुंडाळून बाबागाडीत निजवलं आणि गाडी खिडकीखाली अंगणात ठेवली. आमच्याकडे लेकरं थंडीतच निजवतात, छाती घट्ट होते म्हणतात. तरी माझ्या जिवाला घोर. दर पाच मिनिटांनी मी खिडकीशी.

चारला अंधारून आलं आणि सिमेंट कारखान्याचा भोंगा वाजला.

कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. भोंगा कधीच भंगारात गेला.

खिडकीतून पाहिलं. गाडी हलत होती... हळूहळू, ताल धरून. जवळ कुणीच नाही. नुसता भट्टीच्या धुळीचा वास. मग दमलेल्या बाईचा आवाज आला, "कुणाचं गं हे?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. गाडी वळली आणि आपोआप फाटकाकडे निघाली.

धावत जाऊन मी लेकरू उचललं. दांड्यावर सिमेंटची पांढरट धूळ होती. घाईत त्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि गाडी जिन्याखाली ढकलली. आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल, सिमेंट आधी कोरडं झाडायचं! सकाळी फडक्याचा दगड झाला होता. त्यावर पाच लांब बोटांची पकड उमटली होती.

वरच्या मजल्यावर ब्रोने नावाची मावशी राहते, तिला ते दाखवलं. तिनं कारखान्यात तीस वर्षं सिमेंटची पोती भरलेली.

"मार्त्सेले असेल," ती शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलली. "कारखान्यातली पाळी सुटली की वाटेतल्या प्रत्येक गाडीला आम्ही झोका द्यायचो. 'कुणाचं' म्हणून विचारायचो. आईनं ओ नाही दिली, तर लेकरू पाळणाघरात पोचवायचं. मार्त्सेले एकदा सिमेंटच्या कोठीत उतरली... वर आलीच नाही."

"मग मी काय करू मावशी?"

"ओ दे! तोंड शिवलंय का तुझं?"

नाताळाला माझा नवरा तौरास नॉर्वेहून, कामावरून आला. तो म्हणाला, "इथं आता भुतंच उरलीत. चल तिकडं."

"इथल्या भिंती-भिंतीत माझ्या आजीनं भरलेलं सिमेंट आहे. भुतं असली तरी आमच्याच घरची. तुला जायचं तर जा."

जानेवारीत तो एकटाच परतला.

गाडी मी रोज बाहेर ठेवतेच. चारला भोंगा होतो. मी खिडकी उघडून ओरडते, "माझं आहे! खबरदार हलवलंस तर!" गाडी थांबते.

काल मात्र गाडी थांबली, तरी वास गेला नाही. आवाज खिडकीच्या अगदी खाली आला.

"आणि हे... हे कुणाचं?"

गाडीत स्मिल्ते एकटीच होती. माझा हात का कोण जाणे पोटाशी गेला.

"तेही माझंच!" मी ओरडले.