मूठ यादीत नाही

पडदा कोरा होता. अगदी कोरा नव्हे म्हणा, काळ्यावर तांबडे ठिपके इकडेतिकडे सांडलेले होते. पण ज्या हिरव्या रेषा दिसायला हव्या होत्या, हजारोंनी, जाळीसारख्या दाट, त्यांतली एकही नव्हती. मितूनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. एकही नाही.

"मायक्रोट्यूब्यूल (पेशीतली अतिसूक्ष्म नळी) आढळली नाही," तपासनीस म्हणाला. "डॉ. विशाखा रामटेके यांचा निष्कर्ष टिकला नाही. साक्षीदाराची हरकत असल्यास अर्ध्या तासात नोंदवावी. त्यानंतर 'असत्य' असा शिक्का बसेल."

तपासनीस म्हणजे कपाटाएवढा उंच यंत्रमानव. चार हात, आणि आवाज कायम एकाच पट्टीत. २०५८ सालापर्यंत देशातलं सगळं संशोधन एका ज्ञानकोठारात जमा झालं होतं, आणि त्यातलं प्रत्येक जुनं संशोधन असे तपासनीस पुन्हा करून पाहत. कल्पना चांगलीच होती. चुकीचं काढून टाकायलाच हवं. पण नियम काय केला होता, तर ज्याचं संशोधन त्यानं तपासाच्या वेळी खोलीत पाऊल ठेवायचं नाही, न जाणो हातचलाखी केली तर. पेशी बघण्यात जिनं चाळीस वर्षं घालवली तिला तिच्याच प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसवायचं. आत साक्षीदार म्हणून घरचं एक माणूस चालेल, फक्त त्याला त्या विषयातलं काही येत नसलं पाहिजे. बारा वर्षांची मितू या अटीत चपखल बसली. आणि आत काय घडलं ते शिक्का बसेपर्यंत तिनं बाहेर कुणाला सांगायचं नाही. अशा नियमांपुढे शहाण्या माणसानं डोकं फोडून घ्यावं.

मितू बाहेर आली. विशाखाआजी, म्हणजे मितूच्या आजोबांची धाकटी बहीण, बाकावर ताठ बसून होती. नागपूरचा मे महिना असल्यामुळे व्हरांड्यातला कूलर धडधडत होता.

"काहून, तोंड काहून पडलं?"

"सांगता येत नाही. नियम आहे."

"म्हणजे 'असत्य'चा शिक्का बसून राहिला." आजीचा आवाज कापला. तिला राग आला की तो असाच कापत असे. "मले दाराबाहेर बसवलं, जशी मी चोरी करायला आली. चाळीस वर्षं, पोरी. परिषदांमध्ये लोक हसत, की नळ्या ओझी वाहतात हे ठीक, पण निरोप कसले देतात. ते हसणं सोसलं. आणि हा डबा मले अर्ध्या तासात खोटं ठरवते."

मितूच्या मनात आलं, सांगायला बंदी आहे. विचारायला कुठे आहे?

"आजी, नळ्या म्हणजे काय ते पहिल्यापासून सांग. लवकर."

आजीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ती सांगू लागली.

"आपलं अंग पेशींचं बनलं. एकेका पेशीत या नळ्या असतात, केसापेक्षा तीनएक हजार पट बारीक. ट्यूब्युलिन (नळीच्या विटांचं प्रथिन) नावाच्या विटा एकीला एक चिकटतात आणि नळी वाढत जाते. पण भिंतीसारखी कायमची नाही हं. लग्नाचा मांडव असतो ना, तशी. उभी राहते, अचानक कोसळते, त्याच विटांची पुन्हा उभी राहते."

"मोडायचीच तर बांधते कशाला?"

"पेशीला सारखा आकार बदलावा लागते. एकीच्या दोन व्हायचं, जखमेकडे सरकायचं. नळ्या कायमच्या असत्या तर जागचं हलता आलं नसतं. आता माझं काम ऐक. काही प्रथिनं निरोप्याचं काम करतात, पेशीतला संदेश इकडून तिकडे पोचवतात. त्याला संदेशवहन म्हणतात. त्यांतला एक निरोप्या नळीला बांधलेला असते, गपगार. नळी तुटली की तो सुटते, पेशीभर पसरते आणि सांगते, जागे व्हा, आकार बदला. म्हणजे नळीचं तुटणं हीच बातमी. मी एवढंच म्हटलं."

"निरोप्यांना तू तांबडा रंग दिलास आणि नळ्यांना हिरवा?"

"हो. पण तुले काय माहीत?"

मितूनं ओठ घट्ट मिटले. तिला दुसरंच काही आठवत होतं. लहानपणापासून तिनं पाहिलं होतं, की पेशींची रुपयाएवढी चपटी काचेची कुपी आजी ऊबपेटीतून (पेशी अंगाइतक्या उबेत ठेवायची पेटी) काढते आणि मुठीत धरून व्हरांड्यातून सूक्ष्मदर्शकापर्यंत नेते. शेजारची पोरं चिडवत, की आजी पेढा लपवून नेते.

"आजी, कुपी मुठीत का नेतेस?"

"आँ? प्रयोगाच्या पद्धतीत लिहिलंय मी, सातव्या ओळीत. अंगाची ऊब लागते नळ्यांना. गारठल्या की विटा सुटतात, नळ्या नाहीशा होतात. माझे पहिले सहा महिने त्यातच वाया गेले. सगळे नमुने बर्फात ठेवत, मीही ठेवले. पुस्तकात एका ओळीत लिहून होतं, मीच वाचलं नव्हतं. काहून विचारतेस?"

पण मितू केव्हाच आत पळाली होती. बर्फ. तपासनीसानं कुपी बर्फाच्या डब्यातून आणली होती, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"माझी हरकत आहे," ती धापा टाकत म्हणाली. "सातव्या ओळीत मूठ लिहिली होती. तू बर्फ का वापरलास?"

"मूठ हे उपकरण मान्य यादीत नाही," तपासनीस म्हणाला. "म्हणून ओळ वगळली. तिच्या जागी सर्वसाधारण नियम लावला. नमुने बर्फात न्यावेत."

"गारठ्यात नळ्या मोडतात, तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. कोठारात त्याच्या एकशे चौदा नोंदी आहेत. नियमानुसार त्या पाहणे आवश्यक नव्हते."

घ्या. सगळी पुस्तकं पोटात, आणि एका म्हातारीला 'ही ओळ का लिहिलीत' एवढं विचारायला तोंड नाही. पढतमूर्ख म्हणतात तो याहून वेगळा काय असतो. मितूचे कान तापले.

"कुपीला हात लावायला मला बंदी आहे?"

तपासनीसानं नियम चाळले. "बंदी संशोधकाला आहे. साक्षीदाराबद्दल नियमात काही नाही."

मितूनं बर्फाच्या डब्यात परत ठेवलेली कुपी उचलली. काच थंडगार होती. दोन्ही हातांनी तिनं ती मुठीत घट्ट धरली आणि घड्याळाकडे बघत बसली. शिक्क्याला अठरा मिनिटं उरली होती. दहा मिनिटं तिनं मूठ उघडली नाही. बोटं दुखायला लागली तरी उघडली नाही.

मग कुपी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. पडद्यावर प्रत्येक पेशीच्या मध्यापाशी एक हिरवा ठिपका होता. त्यातून बारीक रेषा चहूकडे निघाल्या होत्या, आणि बघता बघता लांब होत होत्या. एखादी मध्येच कोसळे आणि पुन्हा वाढू लागे. आणि पेशीभर सांडलेले तांबडे ठिपके एकेक करून त्या रेषांवर येऊन बसत होते.

मितू पाहतच राहिली. मग तिला कळलं, आणि राग आणखीच वाढला.

"तू मघाशी काय पाहिलंस ते पाहा. नळ्या मोडलेल्या आणि निरोपे सुटलेले. आता नळ्या उभ्या राहिल्या आणि निरोपे परत बांधले गेले. आजीनं हेच लिहिलंय. तुझ्या बर्फानंच तिचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं, आणि तू त्याच्यावर 'असत्य' लिहायला निघालास."

तपासनीसानं आधीचं आणि आताचं चित्र पडद्यावर शेजारी शेजारी लावलं.

"हरकत मान्य," तो शेवटी म्हणाला. "शिक्का: सत्य. संशोधकांना आत बोलवावे."

आजी आत आली. पडद्यासमोर उभी राहिली. अशा रेषा तिनं हजारदा पाहिल्या असतील, तरी तिनं चष्मा काढून पदराला पुसला. मग ती वळली.

"मले एकदा विचारलं असतं तर?"

"संशोधकाला विचारण्याची तरतूद नाही."

"मग कर तरतूद," मितू म्हणाली. "ओळ गाळायची तर लिहिणाऱ्याला आधी विचारायचं. लिही माझ्या हरकतीत."

"लिहिले. देशातल्या सर्व तपासनीसांकडे शिफारस पाठवली आहे." त्यानं एक हात वर केला. "सातवी ओळ पुन्हा समाविष्ट करण्यासाठी उपकरणाची माहिती हवी. साक्षीदाराच्या मुठीचे तापमान आरंभी तेहतीस अंश होते, शेवटी पस्तीस. वाढीचे कारण?"

"राग आला होता मला."

तपासनीसानं ते नोंदवून घेतलं. आजी इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. मितूला व्हरांड्यापलीकडे नेऊन ऊबपेटीतून दुसरी कुपी काढून तिनं तिच्या तळहातावर ठेवली. "ही नवीन पेशी हाय. हिचा निरोप्या कोणाले काय सांगते, मलेही अजून माहीत नाही. चल, घेऊन ये."

मितूनं मूठ मिटली. ज्ञानकोठारात आजही ती पद्धत वाचायला मिळते. सातव्या ओळीपुढे लिहिलं आहे: उपकरण, मानवी मूठ, एक, रागावलेली असल्यास उत्तम.