शिवेवरची खाट

"विहीर तुझी, विहिरीभोवतीची जमीन तुझी! म्हणजे आता नव्या घरात प्यायचं पाणीसुद्धा तुझ्याच मेहेरबानीचं ना, ताई?"

एलोफनं लोखंडी चुलीचं काढलेलं धुराडं जमिनीवर आदळलं. काजळीचा लोट उठला आणि त्याच्या बायकोच्या, टेक्लाच्या धुतलेल्या एप्रनवर जाऊन बसला. ब्लेंडा मात्र खाली मान घालून आपल्या पेटीला दोरी आवळत राहिली. एकेचाळीस वर्षांची बाई ती. तिनं तोंड उघडलं असतं तर धाकट्या भावाला पळता भुई थोडी झाली असती. पण उत्तरं गिळायची सवय एकदा जडली की सुटत नाही...

सकाळीच तिनं सांगितलं होतं, टेकाडावरच्या नव्या लाकडी घरात ती येणार नाही. रेल्वेच्या गावात पाद्रीसाहेबांकडे स्वयंपाकीण हवी होती, तिथं ती जाणार होती.

"आणि आठवडा कुठला निवडलास? ऑक्टोबरचा शेवटचा! तिकडे स्वीडनला, आपल्या स्मोलंडात याच आठवड्यात मोलकरणी मालक बदलतात ना? लोक म्हणतील, एलोफनं सख्ख्या बहिणीला मोलकरणीसारखं वाटेला लावलं!"

"लोकांचं काय घेऊन बसलास," एवढंच ती म्हणाली.

काय सांगणार होती ती? गेल्या रविवारी त्यानं तिला नवं घर हिंडून दाखवलं होतं. "ही आमची खोली. ही बाळाची." चुलीमागच्या तिसऱ्या खोलीपाशी तो क्षणभर थांबला आणि काहीच न बोलता बाहेर पडला. तिनं विचारलं नाही. ज्या पोराला आईच्या मरणानंतर उरापोटाशी धरून वाढवलं, त्याच्या घरात आपली जागा कुठं हे विचारायची वेळ यावी...! ती रात्रभर तळमळली होती आणि पहाटे पेटी काढली होती.

कोपऱ्यातल्या बाकावर शेजारची म्हातारी मालेना बसली होती. दातांत साखरेचा खडा धरून ती बशीतली कॉफी ओढत होती. या मातीच्या घरातली शेवटची कॉफी प्यायला ती मुद्दाम आली होती.

हे घर उभं राहिलं त्याला एकोणीस वर्षं झाली. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या उघड्या माळावर सरकार जमीन फुकट देत होतं. अट एकच, पाच वर्षं तिथं राहायचं, तिथंच निजायचं. एक तुकडा बापाला मिळाला आणि बिनलग्नाची, बावीस वर्षांची म्हणून लागूनचा दुसरा ब्लेंडाला. मग बापानं गवताच्या मुळांसकट मातीच्या लाद्या कापल्या आणि बरोबर शिवेवर घर रचलं. बोटीतून आणलेल्या पेटीची दोरी त्यानं जमिनीवर ताणून खुंट्यांनी ठोकली. दोरीच्या पलीकडे चूल, दार, बाप आणि पाच वर्षांचा एलोफ. अलीकडे ब्लेंडाची एकटी खाट. दिवसा सगळीकडे वावरायची मुभा होती, पण निजायचं मात्र आपापल्या जमिनीवर. दोरी कधीच कुजून गेली. खाट अजून तिथंच होती.

"मी तरी कुणाला बोलतोय!" एलोफचा आवाज आता चिरकला. "तू त्या दोरीपेक्षा मला कधी जास्त मानलंस? आठ वर्षांचा होतो मी! तापानं फणफणलो होतो. 'ये ना ताई, माझ्याजवळ,' म्हणून टाहो फोडत होतो... आणि तू दोन हातांवर असून आली नाहीस! जमिनीचा एवढा लोभ? म्हणूनच तो अल्गोट तुला टाकून गेला!"

ब्लेंडाच्या हातातली दोरी सुटली. ते नाव या घरात चौदा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"बस्स कर, मेल्या!" मालेनानं बशी खाली ठेवली. "जीभ आहे की विळा?"

"मालेनामावशी, नको... तुम्ही मला वचन दिलंय!"

"दिलं होतं, हे कळलं तर तुझा बाप खंगून मरेल म्हणून. तो गेला, आता मी गेले तर या शहाण्याला सांगणार कोण? देवाला काय उत्तर द्यायचं ते मी देईन." म्हातारी एलोफकडे वळली. "तुझ्या बापानं आपल्या जमिनीत चार ठिकाणी खणलं. चारही कोरडी! पाणी लागलं ते हिच्या भागात. पाच वर्षं भरायच्या आत ही लग्न करून नवऱ्याकडे गेली असती, तर विहिरीसकट जमीन दुसऱ्याची झाली असती. मग तुम्ही बापलेक काय प्यायला होतात, दव?"

एलोफनं दारातून बाहेर विहिरीकडे पाहिलं.

"अल्गोट तीन उन्हाळे हिला मागणी घालायला आला. दोन दिवस बैलगाडी हाकत यायचा बिचारा. तिसऱ्यांदा ही म्हणाली, 'आणखी दोन वर्षं थांब.' एकटेपणानं वेडा व्हायची पाळी आली होती त्याच्यावर. त्यानं एका विधवेशी लग्न केलं. टाकून नाही गेला तो! पाच वर्षं भरली तेव्हा जमिनीच्या कचेरीत दोन साक्षीदार हवे होते. टोळधाडीनं सगळे शेजारी पळालेले. एक मी होते. दुसरा कोण आला असेल? बायकोला गाडीत बसवून तोच आला! कारकुनानं विचारलं, 'ही बाई एक रात्रही दुसरीकडे राहिली नाही, खात्री आहे?' तो म्हणाला, 'मला नसेल तर कुणाला असणार?'"

ब्लेंडानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आणि तुझा ताप! बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची होती हिला. दुसरीनं मारली असती थाप, हिला ती मारता येईना. पोराला चुलीपासून हलवू नका, असं मीच बजावलं होतं. सहा रात्री ही थंडगार जमिनीवर, डोकं दोरीला टेकून, उजवा हात पलीकडे टाकून तुझी बोटं धरून पडून होती! तेव्हापासून तो खांदा गेला तो गेलाच. ताई बादली डाव्या हातानं का उचलते, कधी विचारलंस?"

"तो हात..." एलोफ मटकन खाली बसला. "तो हात ताईचा होता? मला वाटायचं... मला आजवर वाटत आलं, की आई आली होती! त्या हाताची आठवण काढून मी रोज प्रार्थना करतो गं..."

टेक्ला पुढे आली. एप्रनच्या खिशातून तिनं एक घडी घातलेला कागद काढला. "वन्संनी सकाळी दिला. त्या गेल्यावर तुम्हाला दे म्हणाल्या. विहीर, जमीन, सगळं तुमच्या नावावर केलंय त्यांनी."

एलोफनं कागद घेतला नाही. तो उठला, तडक त्या एकट्या खाटेपाशी गेला आणि तिचं एक टोक धरलं. "टेक्ला, धर गं दुसरं."

"अरे, दिवस गेलेत तिला! तिला कसला भार उचलायला लावतोस?" ब्लेंडा डोळे पुसत धावली आणि सवयीनं दुसरं टोक तिनंच धरलं. मग तिच्या लक्षात आलं. "एलोफ... कुठं नेतोयस ही?"

"चुलीमागच्या खोलीत. तुझ्याचसाठी बांधली ती! तू विचारशील म्हणून वाट बघत होतो मी."

"आणि मी, तू सांगशील म्हणून..."

"तुमच्या घराण्याची खोड!" मालेनानं उरलेली कॉफी संपवली.

एलोफ पाठमोरा दाराकडे सरकू लागला आणि मध्येच खाट अडली. जिथं दोरी होती तिथंच ब्लेंडाचं पाऊल थबकलं होतं. एकोणीस वर्षांत ही खाट त्या शिवेपलीकडे एकदाही गेली नव्हती. एलोफनं ओढलं नाही. तो वळून तिच्याकडे बघत उभा राहिला आणि आठ वर्षांच्या त्या पोराच्या आवाजात म्हणाला, "ये ना ताई, माझ्याजवळ."

ब्लेंडानं खाट डाव्या हातावर तोलली आणि पाऊल पलीकडे टाकलं.