भिंतीला घातलेले टाके

“तुमच्या घराचा पत्ता काय?”

हा प्रश्न माझा नव्हे, भिकू आणि हन्नाचा. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही तिघीच मुली, आणि अडतीस सालच्या त्या कार्तिकात नंदुरबारात बोलायला एकच विषय — प्रेमचंद डॉक्टरांची लॉरी. डोळ्यांचा दवाखाना होता तो, चाकांवरचा. डॉक्टर डाक बंगल्यात उतरत. लॉरीत राहायचा त्यांचा ड्रायव्हर आणि कंपाउंडर, दोन्ही एकच माणूस. तिथेच चूल, तिथेच झोप, खिडकीला छिटाचा पडदा... त्यालाच विचारून दाखव, भिकू म्हणाली, आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन. आणि त्याला भाई म्हणू नकोस, अशी वर ताकीदही दिली.

लॉरी आमच्याच दुकानासमोर निंबाखाली उभी होती. तो चाकाशी वाकलेला. माझा प्रश्न ऐकून हात पुसत उठला, लॉरीकडे पाहिलं, मग दुकानाकडे.

“आज? इद्रिस पिंजारीना दारसमोर,” तो म्हणाला. “सोमवारनंतर माले बी माहीत नही.”

इद्रिस पिंजारी म्हणजे माझे अब्बा. पैज मी जिंकले, पण उत्तर अर्धंच मिळालं, आणि अर्धं उत्तर मला पचत नाही. सोमवारनंतर कुठे?

त्याचं नाव अन्वर. वय वीस-एकवीस, भुवईत तेलाचा डाग. डॉक्टरांना उत्तरेकडून बोलावणं आलं होतं — रावळपिंडीच्या पुढे, डोंगरात. सोमवारी लॉरी आगगाडीच्या उघड्या डब्यावर चढणार आणि फाल्गुनापर्यंत तिकडेच राहणार. म्हणून तो अब्बांकडे आला होता. पत्रा आणि आतली फळी यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी होती, तिच्यात रुई भरून घ्यायची होती. घराला रजई पांघरवायची, तीही आतून.

मी रोज शाळा सुटली की अम्मीच्या शेजारी, दुकानाच्या पायरीवर. बर्फ वरून पडतो तेव्हा आवाज होतो का? नदी गोठली की मासे कुठे जातात? तो कामावरची नजर न काढता उत्तरं द्यायचा, आणि माहीत नसेल तर सरळ नाही म्हणायचा. हे मला फार आवडलं. आमच्या शाळेत असं कोणी म्हणत नाही. पाण्याच्या टाकीला त्याने गोणपाट आणि भाताचा पेंढा गुंडाळला, तळाशी तोटी बसवली. रोज सांजेला टाकी रिकामी करायची, इंजिनातलं पाणीही सोडून द्यायचं — नाहीतर गोठलेलं पाणी फुगतं आणि लोखंड फोडतं.

“पाणी लोखंड फोडतं?” मी विचारलं.

“गपचूप बठेल ऱ्हास ना,” तो म्हणाला, “तेच फोडस.” आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही हे त्याला एव्हाना कळलं असावं... तरी माझे कान तापले.

घरात मात्र माझंच ठिकाण पक्कं होत होतं. रनाळ्याचं स्थळ. रविवारी ती मंडळी शब्द घ्यायला येणार. घर चांगलं, शेत चांगलं, विहीर तर इतकी चांगली की अम्मी दिवसातून चारदा बोलण्यातच तिचं पाणी काढायची. मॅट्रिकचं काय, असं मी विचारलं, तर ते लोक बघतील म्हणाली. मला शाळेत उशिरा घातलेलं; अठरा पूर्ण होऊन गेली होती. वर्गात सगळ्यांत मोठी मी, आणि घरात मात्र अजून कोणी मोजत नव्हतं.

अब्बांनी दोन दिवस रुई पिंजली. धनुकलीच्या तांतीचा तो तुंई-तुंई आवाज, निंबाच्या पानांवर उडालेला पांढरा भुगा, आणि त्या भुग्यात उभा अन्वर, पापण्यांसकट म्हातारा झालेला. पिंजाऱ्याची रुई दाबायची नसते, अब्बा म्हणाले, ती फुललेलीच हवी. मऊ मऊ ढग त्यांनी भिंतीत सोडले आणि फळ्या ठोकल्या.

गुरुवारी अन्वर लॉरी विसरवाडीपर्यंत नेऊन आणायला गेला. खडीचा रस्ता, डोंगराची सवय व्हावी म्हणून. शाळा सुटायच्या वेळी परतला तो गंभीर होता. त्याने वरची एक फळी उचकटली. आत काहीच नव्हतं. खालची उचकटली — सगळी रुई तळाशी बसून गोळा झालेली.

अब्बांचा चेहरा मला बघवेना. चाळीस वर्षांच्या हाताला कोणी नावं ठेवली नव्हती. शेजारचे दगा शिंपी तेवढ्यात डोकावून म्हणाले, “काय इद्रिसचाचा, भिंत पाय धरी बठनी का?”

तेव्हा अन्वर पुढे झाला. “मन्ही चूक शे, दगाभाऊ. गाडी मी लई जोरमा हाकली. चाचानी रुई बराबर व्हती.”

खोटं होतं ते. लॉरी येताना मी पाहिली होती. बैलगाडीने मागे टाकावी अशी चालली होती. अब्बांनाही ते कळलं. त्यांनी नुसता त्याच्या खांद्यावरचा कापूस झटकला. आणि मी... मला एकदम पायरीवरून उठावंसं वाटलं, आणि उठून कुठे जावं ते कळेना.

म्हणून मी बोलले. रजई आपण इतकी वर्षं पांघरतो, तिची रुई पायाशी का जात नाही? टाके असतात म्हणून. मग भिंतीला टाके घाला.

“भिंत कोणी शिवतं का, बेटा?” अब्बा म्हणाले.

“भिंत नाही. पातळ रजया शिवू, वीतभर चौकटीच्या. मग त्या भिंतीत खिळ्यांनी टांगू.”

अब्बांनी अन्वरकडे पाहिलं, अन्वरने माझ्याकडे, आणि अम्मीने आम्हा सगळ्यांकडे.

शुक्रवार, शनिवार आम्ही शिवत होतो. अम्मी, अब्बा, मी. सुईत दोरा ओवून द्यायचं काम अन्वरकडे. तो एका झटक्यात ओवायचा. डोळ्यांच्या दवाखान्यातला माणूस, त्याला नेढं दिसायचंच, मी म्हटलं. त्यावर तो हळूच म्हणाला की दिसतं बरंच, पण सगळ्यालाच हात लावायची हिंमत होत नाही... अम्मी खाकरली. माझा पुढचा टाका बोटात गेला.

रविवारी सकाळी शेवटची तपासणी. आत मी, हातात पेटलेली उदबत्ती. बाहेर अन्वर, हातात सूप. तो बाहेरून वारा घालायचा आणि आतला धूर जिथे वाकेल तिथे फट. धूर सरळ चढत होता — छपराखाली, दारापाशी, टाकीवर. कुठे हलला नाही. माझ्या टाक्यांचा मला असा काही अभिमान वाटला. मग खिडकीच्या चौकटीजवळ धूर एकदम तिरका झाला.

“इथे वारा येतोय,” मी म्हटलं.

“वारा नही,” फटीतून आवाज आला, अगदी कानाशी. “मी शे.”

बोटभर फट. तिच्यातून त्याचा डोळा दिसेना, नुसता श्वास कळत होता. उदबत्तीची राख माझ्या मनगटावर पडली.

“तुम्ही परत याल तेव्हा मी रनाळ्यात असेन,” मी म्हटलं. “तुम्हाला चालेल?”

सुपाचा आवाज थांबला होता.

“नही चालनार,” तो म्हणाला. “पन मन्हाजोडे घर नही, साबिरा. हाई लॉरी डॉक्टरनी. चाचाले कोनता तोंडघाई इचारू?”

“अब्बांचं राहू द्या. मी तुम्हाला विचारते आहे. फाल्गुनात आलात की माझ्याशी निकाह कराल?”

निंबावर कावळा ओरडला. मला वाटलं, संपलं. फार पुढे गेले.

“हाई फट बुजू का?” त्याने विचारलं.

“आधी उत्तर द्या. मग बुजा.”

“करसू,” तो म्हणाला. मग खाकरून पुन्हा, जरा मोठ्याने, “करसू. तू सांगशी तवय.”

त्याने चिंधी कोंबली. धूर सरळ झाला. मी लॉरीतून उतरले तेव्हा तो पाठमोरा उभा होता, आणि त्याची मान लाल झाली होती.

घरात अम्मी पाहुण्यांसाठी शेवया भाजत होती. अब्बा तांत ताणून बघत होते. मी पदर नीट केला, मग वाटलं, कशाला? उंबऱ्यातच उभी राहिले.

“अब्बा, अम्मी, रनाळ्याच्या लोकांना शेवया खाऊ घाला, पण शब्द देऊ नका. मी मार्चात मॅट्रिक देणार आहे. आणि अन्वर परत आले की त्यांच्याशी निकाह करणार आहे. मी त्यांना विचारलं, ते हो म्हणाले. आता तुम्हाला सांगते आहे.”