डावी भुवई

त्या मंगळवारी प्रियदर्शनीची खरं तर सुट्टी होती. बरोबरची मुलगी चुलतबहिणीच्या लग्नाला गेली, म्हणून कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या कानाच्या दवाखान्यात तिला यावं लागलं. सकाळपासून माणसांचे कान तपासून तपासून तिचं डोकं भणभणलं होतं. संध्याकाळी पर्स खांद्याला लावते न लावते तोच शेवटचा पेशंट दारात उभा राहिला. पाठीला गिटार, अंगात धुऊन धुऊन विटलेला काळा टी-शर्ट, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू तपासणी त्याची नाही, हिचीच आहे.

"नाव?"

"अतुल. इचलकरंजी."

"गाव कुठं विचारलं मी?"

"इचारणारच हुता की मॅडम. म्हटलं, तुमचा तेवढाच वेळ वाचंल."

तिला हसू आलं, ते तिनं गिळलं. "त्रास काय होतोय?"

"त्रास कसला! चार दिवस झालं, डाव्या कानात कापूस घातल्यागत वाटतंय. सर्दी असंल. पण आमचा ड्रमर हाय आदर्श, त्यो ऐकंना. म्हणतोय, कान चांगलं असल्याचा कागद आण, मगच रेकॉर्डिंग फुडं."

कानाच्या तपासणीची खोली म्हणजे कपाटाएवढी. आत एक खुर्ची, मध्ये जाड काच, काचेपलीकडे मशीन. पेशंटनं हेडफोन घालायचा आणि आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. खुर्ची मात्र काचेकडे पाठ करून ठेवायची, हा नियम. मशीनवर बसलेल्याचा चेहरा दिसला, की माणूस कानाऐवजी डोळ्यांनी ऐकायला लागतो.

"मॅडम," तो आतून म्हणाला, "भितीकडं तोंड केलं की जीव गुदमरतोय माझा. शाळेत लई वेळा उभा केल्यालं हाय मला... जरा फिरवू का?"

आणि तिनं स्वतः आत जाऊन खुर्ची फिरवून दिली. का दिली? दमली होती म्हणा, नाहीतर ते हसू आवडलं म्हणा. दुसरं कारण खरं होतं, आणि ते तिला तेव्हाही माहीत होतं.

ती एकेक आवाज सोडत गेली. मोठा, मग बारीक, मग अगदी सुईच्या टोकाएवढा. तो काचेतून तिच्याकडे बघत होता, पापणीही न हलवता... आणि दर वेळी अचूक बटण दाबत होता. तिचे कान तापले. गाणंबजावणं करणाऱ्यांचे कान असेच तिखट असणार, असं मनाशी म्हणत तिनं कागदावर लिहिलं: दोन्ही कान उत्तम. खाली सही केली. डॉक्टरांनी तो कागद बघून सर्दीची गोळी दिली.

तीन दिवसांनी तो पुन्हा आला. या खेपेला कान घेऊन नाही, हेडफोन घेऊन.

"आता तुमची तपासणी. बसा."

"आणि मी बटण कुठलं दाबू?"

"आवडलं तर सांगा. न्हाय आवडलं, तर खोटं सांगा."

दवाखान्याच्या जिन्यात बसून तिनं ते ऐकलं. आधी लांबून कारखान्याचा भोंगा. मग माग सुरू झाले, एक, दहा, शंभर, आणि त्या खडखडाटातून ड्रमची सात मात्रांची विचित्र चाल वर आली. त्यावर कीबोर्ड हिवाळ्यातल्या पंचगंगेवरच्या धुक्यासारखा पसरत गेला. जिन्यात बसल्या बसल्या तिला पत्र्याच्या शेड दिसल्या, पाळीवरून परतणाऱ्या सायकली दिसल्या. गिटारचा मात्र पत्ताच नव्हता.

"तुम्ही कुठं आहात यात?"

"नवव्या मिंटाला. जरा वाट बघायला लावती."

"कोण?"

"गिटार, मॅडम. आनि कोण?"

गाण्यांना शब्द नव्हते. अल्बमचं नाव 'धोटा', मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा. पाच भाग, पाऊण तास, प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या जातीचं संगीत. शेवटचा भाग तेवढा व्हायचा होता.

"शब्द का नाहीत?"

"मागावर शब्द ऐकू येत्यात व्हय? माझं आई-बा दोघंबी तिथंच. शेडमध्ये समदी एकमेकाच्या तोंडाकडं बघून बोलत्यात. आई म्हणती, ह्याचं गाणं म्हंजे नुसतं पिक्चरचं म्युझिक, पिक्चर कुठं हाय ते सांगा!"

ती खळखळून हसली, आणि सरळच सांगायचं तर, प्रेमात पडली. बसमध्ये, भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना 'धोटा' ऐकू लागली. नववं मिनिट जवळ आलं की तिचा हात थांबायचा. तो रोज कोल्हापूरला यायला लागला. दोघं चालत गंगावेशीपर्यंत जायची. चालताना तो तिला कायम उजव्या हाताला घ्यायचा. किती जपतो आपल्याला, असं तिला वाटायचं. दिवसभर लोकांचे कान तपासणारी बाई, पण हा डावा कान लपवतोय हे तिला दिसलं नाही. प्रेमात डोळे जातात म्हणतात. तिचं तर शिक्षणच गेलं!

सव्विसाव्या दिवशी दोघं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभी होती. समोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात मिळाला होता. त्याच्या ओठावर पांढऱ्या मिशा उमटल्या होत्या.

"मॅडम... एक खरं सांगू?"

"आजवर सगळं खोटं होतं की काय?"

"एकच." तो तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी डाव्या कानानं मला कायबी ऐकू येत नव्हतं."

"म्हणजे?"

"आवाज सोडताना तुमची डावी भुवई वर जाती. एवढुशी. ती वर गेली की मी बटण दाबायचो. लहानपणापास्नं तोंडं बघूनच समदं कळत आलंय... पण असली भुवई कुठं बघिटली नव्हती. तवाच ठरीवलं."

"काय... काय ठरवलं?"

"की ही भुवई जन्मभर बघायची."

कुठलीही मुलगी लाजली असती. प्रियदर्शनीच्या हातातला ग्लास कट्ट्यावर आपटला आणि दूध सांडलं. सव्वीस दिवस आणि त्याआधीचे चार. महिनाभर त्या कानाला औषधच नव्हतं.

"उजवा?" तिनं विचारलं.

"आँ?"

ती त्याच्या समोर गेली. "उजवा कान, अतुल!"

"त्यो बी जरा... दोन दिवस झालं. हुईल की बरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि त्याला बसवलं. ती डाव्या कानात आवाज सोडत राहिली, वाढवत राहिली. त्याच्या अंगठ्याखालचं बटण हललंच नाही. उजव्याला हललं, तेही अगदी मोठ्या आवाजाला. त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि मान जराशी तिरकी, कुणी हाक मारतंय का हे ऐकायला करावी तशी. ती काचेला डोकं टेकून रडली. त्याला ते ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आतल्या नसेचा आजार, डॉक्टर म्हणाले. पहिल्या पंधरवड्यात औषध पोटात गेलं असतं, तर कान वाचायची आशा होती. इंजेक्शनं झाली, पुण्याला वारंवार फेऱ्या झाल्या. डावा गेला होता. उजवा डोळ्यांदेखत चालला होता.

एक दिवस त्याची आई, शालन, तो कागद हातात धरून दवाखान्यात आली. मागावर तीस वर्षं काढलेली बाई, जरुरीपेक्षा मोठ्यानं बोलणारी.

"ही सही तुमचीच न्हवं?"

"हो."

"कान चांगलं हायत म्हणून तुमीच लिवलं?"

"मीच लिहिलं. खुर्चीही मीच फिरवली होती." प्रियदर्शनीनं तोंड समोर ठेवून, सावकाश सांगितलं.

"माझं कान गेलं तवा इचारणारं कोण नव्हतं, बाई. ह्याला इचारणारं हुतं... तरीबी गेलं." शालननं कागदाची नीट घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर प्रियदर्शनीनं अतुलच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. कुठल्या तोंडानं देणार? 'धोटा'ही ऐकायचं सोडलं. महिना असाच गेला, आणि मग एका दुपारी आदर्श दवाखान्यात येऊन उभा राहिला.

"शेवटचा भाग राहिलाय ताई. उजव्या कानाला आता नुसता धप्प धप्प आवाज येतोय त्याच्या. आज झालं तर झालं. न्हायतर आमचा अल्बम अर्धाच ऱ्हाणार." त्यानं एक चिठ्ठी पुढे केली. तीत एकच ओळ होती: *खुर्ची ह्या खेपेला तुमच्याकडं तोंड करून ठिवलीया.*

राजारामपुरीतल्या एका जुन्या गोदामात त्यांचा स्टुडिओ होता. तिथंही जाड काच होतीच. अतुल काचेपलीकडे गिटार घेऊन बसला होता, गालफडं बसलेली, हसू मात्र तेच. आदर्शनं तिच्या कानाला हेडफोन लावला.

"सूर बरोबर पडला की भुवई वर. चुकला की खाली. बाकी कायबी करू नका."

"मला गाण्यातलं काय कळतंय?"

"समदा अल्बम तोंडपाठ हाय तुम्हाला, त्यो म्हणतोय. आनि खोटं सांगायचं न्हाय, असंबी म्हणालाय."

त्यानं वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीला तार जराशी जास्त ताणली गेली. बारीकशीच चूक होती. भुवई उचलावी, कुणाला कळणार आहे, असं तिच्या मनात आलं. पण एकदा खोट्या कागदावर सही करून झाली होती. तिनं भुवई खाली घेतली. तो थांबला, स्वतःलाच एक कोल्हापुरी शिवी हासडली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. असं पाच वेळा झालं, सात वेळा झालं. बोटं सोलवटली, पण तो तिच्यावरची नजर काढेना. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि भुवई आपलं काम करत होती. जगात कुणी कुणाचं इतकं ऐकलं नसेल.

शेवटी तो सूर लागला. धुकं, माग, सायकली, सगळं मागे ठेवून वर गेलेला एकटा सूर. त्यानं तो लांबवर खेचला. तार थांबली तरी आवाज मशीनमधून घुमत राहिला, विरत राहिला. तार थांबलेली बोटाला कळते, घुमणं कळत नाही. ते एकट्या तिला ऐकू येत होतं.

मग तेही संपलं. आदर्शनं मशीनवरचे हात काढून घेतले.

प्रियदर्शनीची भुवई वरच होती. ती खाली आली, की त्याचं वाजवणं संपणार होतं, कायमचं. तिच्यानं ती खाली घेववेना.

बऱ्याच वेळानं तो बोलला. आपलाच आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून अगदी त्याच्या आईसारखा, मोठ्यानं.

"घ्या की खाली, मॅडम... संपलंय कवाच. आदर्शचं हात बघिटल्यात मी."

तिनं मान हलवली. नाही.

"मग म्याबी बटण सोडत न्हाय," तो म्हणाला, आणि त्या गप्प झालेल्या तारेवर बोट तसंच दाबून बसला.