म्हणेल तो ‘मी’

कंदिलाची काच राखेने पुसता पुसता रजनी बाळाच्या झोळीला झोका देत होती. वणीतल्या त्या गल्लीत कापसाच्या जिनिंगकडून ओल्या सरकीचा वास यायचा. तिचा नवरा, श्रीकृष्ण, तिथल्याच कचेरीत होता.

इथे बिऱ्हाड केल्यापासून तिला एकच धास्ती. आपण एकटी असताना कोणी दारातून शिरेल आणि बाळाला नेईल. दार वाजलं की ती विचारी, "कोण?" उत्तर येई, "मी." आता मी म्हणजे कोण? म्हणेल तो! नवऱ्याचं नाव घेऊन खात्री करायची तर सोयच नव्हती. मग तिने शक्कल काढली. श्रीकृष्णाने इंग्रजीत सांगायचं, "इट इज आय." गल्लीत दुसरं कोण तसं बोलणार? मॅट्रिकला इंग्रजीत जेमतेम तरलेल्या बाईला या शहाणपणाचा केवढा अभिमान! इंग्रजीतला ‘मी’सुद्धा म्हणेल त्याचाच, हे काही तिला सुचलं नाही.

शेजारच्या हुस्नाबी हसल्या होत्या. "दिवेलागणीले तिसऱ्या हाकेबिगर दार उघडू नाही, बाई. इंग्रजीले काय भेते ते?"

"ते म्हणजे कोण?"

हुस्नाबींनी आत जाऊन आपल्या दाराची कडी लावून घेतली.

आज दार वाजलं तेव्हा नुकताच कंदील लागला होता.

"कोण?"

"इट इज आय."

तिने कंदील घेऊन कडी काढली. ओटा रिकामा. वारा नव्हता, तरी ज्योत घराच्या बाजूला झुकली... जणू कोणी शेजारून आत गेलं.

"पुरे हो चेष्टा," म्हणत ती ओट्यावर आली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकल दिसली.

"बाहेर काहून उभी?" श्रीकृष्ण उतरत म्हणाला.

"मघा तुम्हीच वाजवलं न दार?"

"मी? आता तर येऊन राह्यलो!"

आत बाळ रडलं. रजनी वळली आणि उंबऱ्याशीच थिजली. झोळीची दोरी करकरत होती. अंधारात कोणीतरी बाळाला थोपटत होतं...

"आत कोण आहे?" श्रीकृष्णाने दबक्या आवाजात विचारलं.

"इट इज आय..." आवाज रजनीचा होता. "हळू बोला न. निजवून राह्यली त्याले."

श्रीकृष्णाने ओट्यावरच्या बायकोकडे पाहिलं. सायकल दोघांच्या मध्ये ओढून घेत तो मागे सरला.

"मग... तू कोण?"

रजनीला सांगायचं ते आतून सांगून झालं होतं.

आईवाचून कोणाकडे घटकाभर न राहणारं तिचं बाळ आत खुदकन हसलं.